उगीचचा रंग

रंग दुकानात पसंत करू नये. हे मी गिऱ्हाइकाला ओरडून सांगते, कारण हळू सांगितलेलं कुणी ऐकत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो रंग मोरपंखी दिसतो तोच तुमच्या झोपायच्या खोलीत शेवाळ होतो, आणि मग तुम्ही उघडलेला डबा घेऊन माझ्या उरावर बसता. त्यापेक्षा वाटीभर रंग घरी न्या, भिंतीवर हातभर पट्टा मारा, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा आणि मग या. अशा बोलण्यामुळे गल्लीत माझं नाव 'ठिणगी' पडलंय. नाव ठेवणारी माझी सख्खी बहीण, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

आमची गल्ली डोंगराच्या अंगावर चढत जाते. खालच्या टोकाला बसथांबा, वरच्या टोकाला शेवटचा दिव्याचा खांब, आणि खांबाच्या पुढे पायवाट. माझं रंगाचं दुकान मधोमध, आणि दुकानाच्या वर आमचं घर. उन्हाळा आला की पाठीला पिशव्या लावलेली माणसं दुकानासमोरून वर जातात आणि संध्याकाळी नाकाचे शेंडे लाल करून खाली येतात. खाली येताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो, वर कुणीतरी कानात काहीतरी सांगितल्यासारखा. मला त्या भावाचा राग यायचा. माझा जन्म याच गल्लीतला, पण वरच्या कुरणावर मी कधी गेले नव्हते. कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, दुरून डोंगर साजरे. त्यावर ताई म्हणायची, "अगं, तू तर दुरूनसुद्धा बघत नाहीस. तुझ्या दुकानाचं तोंड बसथांब्याकडे आहे."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती टपाल वाटायची. चढावरच्या प्रत्येक घराची पायरी तिच्या पायाला ठाऊक होती. नोकरी संपली तरी पाय थांबेनात, उन्हाळाभर ती रोज कुरणावर जाऊन यायची. तिचा नवरा गेला, मुलगा खाली सपाटीवरच्या शहरात स्थिरावला, तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात भांडायला कुणी नव्हतं. ती कमतरता ताईने आल्या दिवशीच भरून काढली.

तर डोंगरावर जन्मात न घसरलेली ही बाई गेल्या हिवाळ्याच्या शेवटी न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत खिळे बसले. डॉक्टर म्हणाले, "चालता येईल, पण सपाटीवर. डोंगराचं मनातून काढून टाका." भाचा धावत आला. माणूस सोन्यासारखा आहे, त्याच्यावर रागावताही येत नाही. तो म्हणाला, "आई, माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, एक पायरी चढायची नाही. तू जरा हिंडूफिरू लागलीस की उन्हाळ्याच्या शेवटी गाडी घेऊन येतो." ताई "बरं" म्हणाली. एवढंच, "बरं." मी जिन्यात उभी राहून ऐकलं.

मला ती जायला नको होती. इथे सरळ सांगते, कारण तेव्हा सांगता आलं नाही. 'राहा' हा केवढासा शब्द, पण माझ्या तोंडून निघेना. तिला ठेवून घेऊन मी देणार काय होते? चढाची गल्ली, अरुंद जिना आणि माझी जीभ. तिकडे लिफ्ट होती. म्हणून 'राहा' म्हणायच्या ऐवजी मी "गोळी घेतलीस का?" म्हणायचे, आणि तेही ओरडून.

ताईचा पलंग अशा बेताने ठेवावा लागला होता की खिडकी डोक्यामागे आणि समोर नुसती भिंत. आमच्या घरात भिंतींना नेहमी गिऱ्हाइकाने परत केलेले रंग असतात. ही भिंत अशाच एका परत आलेल्या बदामी रंगाची होती.

"या भिंतीकडे बघून बघून माझं बिस्किट होणार आहे," एके सकाळी ताई म्हणाली.

"मग रंगवून देते की. कुठला हवा?"

"उगीचचा."

वरच्या कुरणावर उन्हाळ्यात एक बारकं निळं फूल येतं. त्याला वास नाही, ते औषधाला चालत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. कधीकाळी कुणीतरी विचारलं असेल, हे कशाला उगवतं, आणि कुणीतरी म्हणालं असेल, उगीच. तेच नाव चिकटलं. बाहेरची माणसं खाली येऊन आम्हाला विचारतात, "त्या निळ्या फुलाचं नाव काय हो?" आम्ही सांगतो, "उगीच." त्यांना वाटतं, आम्हाला सांगायचं नाहीये.

मी शेड कार्ड आणलं. ताईने निळ्याची पानं उलटली. "हा पोलिसांच्या गाडीचा. हा औषधाच्या बाटलीचा. हा कुणाच्या तरी गळ्यातल्या टायचा."

"मग तुझा कुठला?"

"यात नाही. तू कधी बघितला असतास तर कळलं असतं." तिने कार्ड मिटलं. "राहू दे. रंग जमला असता तर..."

"तर काय?"

"तर काही नाही. भिंतीकडे बघत पडले असते."

पण मी तो 'तर' धरून ठेवला. दुकान चालवणारी बाई आहे मी, गिऱ्हाईक अर्धं वाक्य टाकून पायरी उतरायला लागलं की सौदा अजून जिवंत आहे हे मला कळतं. मी मनाशी ठरवून टाकलं, भिंत जमली तर ही राहील. याला काही आधार नव्हता. बुडत्याला काडीचा आधार, तशातलं होतं.

समोरचा पाववाला सुट्टीच्या दिवशी वर जातो. त्याला मी एक डबी दिली आणि चार फुलं आणायला सांगितलं. त्याने आणली. डबी उघडली तर आत ओल्या वर्तमानपत्राच्या रंगाचं काहीतरी होतं.

"वर निळी होती हो, बाई," तो म्हणाला. "मी स्वतः बघितली. खांबापाशी येईपर्यंत गेला रंग."

ताईला हे कळलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तोडून आणवलीस? अगं, उगीच तोडतं का कुणी?"

म्हणजे फूल रंगाकडे येणार नाही, रंगालाच फुलाकडे जावं लागणार. मी पिशवी भरली. पांढऱ्या बेसचा छोटा डबा, निळ्या, जांभळ्या, लाल आणि काळ्या स्टेनरच्या, म्हणजे पांढऱ्यात थेंबाने मिसळायच्या रंगाच्या बाटल्या, ढवळायच्या काड्या, वाट्या, पुठ्ठ्याचे तुकडे आणि एक ओला फडका. दुकानावर पाटी लावली, 'वर गेले आहे'. पाववाल्याने ती वाचली आणि हातातला ट्रे खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई, असं लिहू नका, लोक घाबरतील," तो म्हणाला.

चढाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण चढताना मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. श्वास लागला, बाटल्या पिशवीत एकमेकींवर आपटत होत्या, आणि माझ्या आईच्या वयाच्या एक बाई काठी टेकत मला मागे टाकून "सावकाश हं" म्हणून पुढे गेल्या. झाडं संपली. वाट एका उंचवट्यावर चढली आणि कुरण आलं.

कुरण हिरवं होतं. नुसतं हिरवं. गवत, मधून मधून दगड, वर एक भला मोठा ढग. निळ्याचा ठिपका नाही. मी पिशवी टाकली आणि खाली बसले. मला रडू येईल असं वाटलं, पण आधी राग आला. फुलं संपली होती, मी उशिरा आले होते, आणि ताईला हे ठाऊक असणार होतं. तिने मला डोंगरावर पिटाळून खोलीत शांतता मिळवली होती. मी खाली गेल्यावर काय काय बोलायचं ते जुळवायला लागले. चांगलं जुळतही होतं.

मग ढग सरकला.

आधी कुरणाच्या वरच्या कडेला ऊन आलं आणि हळूहळू माझ्याकडे उतरायला लागलं. उन्हाच्या मागून गवतात काहीतरी होत होतं. मला वाटलं, चढून चढून डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. गवताच्या पात्यांमध्ये हिरव्या बारीक काड्या होत्या, इतका वेळ मी त्यांच्यावर बसले होते, आणि त्या काड्या उघडत होत्या. पिळलेला फडका सैल होतो तशी प्रत्येकीचा पीळ सुटत होता, आणि आत निळं होतं. एक, मग शेजारची, मग ओंजळभर, मग मोजायची सोयच राहिली नाही. ऊन माझ्या पावलांवरून पुढे गेलं आणि मी निळ्याच्या मधोमध बसलेली होते. कसलाही आवाज झाला नाही. एवढी मोठी गोष्ट घडते आणि आवाज होत नाही, हे मला खरंच वाटेना. मी तोंड उघडं टाकून बसले. जुळवलेली सगळी वाक्यं गेली, आजतागायत आठवलेली नाहीत.

आयुष्यभर मी रंग विकला. निळा म्हणजे माझ्यासाठी तीन बाटल्या आणि एक अंदाज. हा निळा बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण इतकी वर्षं भाषांतर विकत होतो.

बऱ्याच वेळाने कामाची आठवण झाली. वाटीत पांढरा घेतला, निळा टाकला, जांभळ्याचा थेंब, लाल काडीच्या टोकाने. पुठ्ठ्यावर बोट फिरवलं, फुलाशेजारी धरलं. कच्चा. परत. फार थंड. परत. वाटेने जाणारं एक जोडपं थांबलं. "चित्रकार आहात का?" त्यातल्या बाईने विचारलं.

"दुकानदार आहे," मी म्हणाले. "उजेड सोडा."

शेवटी जमला. इतका जमला की रंगवलेला पुठ्ठा गवतात ठेवला आणि मलाच सापडेना. हाताने चाचपत होते तेवढ्यात एक मधमाशी आली, दोन फुलं सोडून तिसऱ्यावर उतरली आणि तिचे पाय चिकटले. तो माझा पुठ्ठा होता. मी काडीने तिला सोडवलं, पायावर निळा घेऊन ती उडून गेली. त्या घटकेला माझ्याएवढी मोठी रंगवाली जगात कुणी नव्हती. उतरताना मी काय चेहरा केला होता ते मला दिसलं नाही, पण खांबापाशी पाववाला म्हणाला, "बाई, तुम्हीपण?"

घरी आल्याआल्या, पाणीही न पिता, मी ताईसमोरच्या भिंतीवर हातभर पट्टा मारला. मारला आणि मागे सरले.

भिंतीवर शाळेचा गणवेश होता. धुऊन धुऊन विटलेला.

ताई बराच वेळ बघत होती. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "ठिणगे," ती म्हणाली, "रंग कुठे पसंत केलास गं?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डोंगरावरच्या उन्हात जमवलेला रंग मी उत्तरेकडच्या खिडकीच्या खोलीत आणून लावला होता. ही चूक करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पायरीवरून हाकलते. मी वाट्या आपटल्या, काड्या आपटल्या, आणि मग पलंगाच्या कडेवर बसून ताईला सांगायला लागले. ढग कसा सरकला, काड्या कशा उघडल्या, आवाज कसा नव्हता. सांगता सांगता माझा आवाज चढला, हात हलायला लागले. ताई डोळे मिटून ऐकत होती.

"मग तो दुपारचा झाला," माझं संपल्यावर ती म्हणाली. "नुकत्या उघडलेल्याचा. त्यात अजून जांभळा टाक. या खोलीत निळा थकतो."

मी वाटी आणली. तिने सांगितलं, मी ढवळलं. "अजून." "आता फार झाला." "पांढरा, थोडा." तिच्या डोळ्यांत कुरण होतं आणि माझ्या हातात बाटल्या. संध्याकाळ व्हायच्या आत एकदम ती म्हणाली, "थांब! हात लावू नकोस." गणवेशाशेजारी नवा पट्टा होता. मी बघितलं आणि पावलांवरून सरकत गेलेलं ते ऊन मला परत लागलं.

"जमला!" मी म्हणाले. "उद्या आख्खी भिंत मारते."

"दुपार जमली," ताई म्हणाली. "सकाळी कधी बघितलंस?"

त्यानंतर उन्हाळाभर मी काय केलं ते गल्लीला पाठ आहे. दुकान उघडण्याआधी मी वर जायला लागले, नाहीतर बंद केल्यावर. सकाळी फुलं मिटलेली असतात आणि मिटलेल्या काड्यांवर दव, तेव्हा कुरण निळं नसतंच, राखाडी चांदीचं असतं, आणि आत कुठेतरी जांभळं आहे असा नुसता संशय येतो. तो संशय वाटीत उतरवायला मला तीन खेपा लागल्या. उन्हं कलली की पाकळ्यांच्या आतून उजेड येतो आणि निळ्यात गुलाबी शिरतं. वारा असला की पाकळ्यांची फिकट पाठ दिसते आणि कुरणावरून कुणी पावलं टाकत गेल्यासारखं वाटतं. मी दर वेळी ठरवून जायचे की आता मला सगळं ठाऊक आहे, आणि दर वेळी उंचवट्यावर पोचले की माझी बोलती बंद व्हायची. माझी! गल्लीत कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

घरी येऊन मी सांगायचे, ताई डोळे मिटायची, मग आम्ही ढवळत बसायचो आणि भांडायचो. पट्टा जमला की मी त्याच्यावर पेन्सिलीने लिहायचे. उगीच, सकाळ. उगीच, वारा. उगीच, पाऊस येणार होता पण आला नाही. भिंतीवर पट्ट्यांना पट्टे लागत गेले. आणि एक गोष्ट आपोआप झाली. पट्टे पलंगावरून नीट दिसेनात. "लांबून बघायला हवं," असं म्हणत ताई वॉकर धरून उठायला लागली, आधी पलंगाच्या कडेपर्यंत, मग दारापर्यंत, मग खिडकीपर्यंत. फिजिओथेरपीवाली बाई सांगून सांगून थकली होती, तिला वाटलं तिचाच गुण आला. आम्ही तिचा गैरसमज दूर केला नाही.

पण उन्हाळाही सरकत होता. भाच्याचा फोन आला, येत्या रविवारी येतो. मी ताईचे कपडे बॅगेत भरायला लागले. घड्या फार जोरात घालत होते.

"ठिणगे," ताई म्हणाली, "कुरण संपतं तिथे दोन दगड एकमेकांना टेकलेत. त्यांच्यामधून पलीकडे गेलीस का कधी?"

"पलीकडे काय आहे?"

"जाऊन ये."

"तू सांग ना. बाकी सगळं सांगतेस."

"ते नाही येत सांगता."

शनिवारी मी दुकान उघडलंच नाही. त्या दगडांमधून आडवं व्हावं लागतं. पिशवी आधी सरकवली, मग मी. पलीकडे पाऊल ठेवलं आणि जागच्या जागी खाली बसले, कारण पायांनी तसं ठरवलं.

समोर एक आख्खी दरी होती, परातीसारखी पसरट, आणि ती काठोकाठ उगीचने भरलेली होती. इकडचं कुरण तिच्या एका कोपऱ्यात मावलं असतं. वाट नव्हती, माणूस नव्हता, शेळीचं लेंडूक नव्हतं. वर आभाळात सुटे ढग चालले होते आणि त्यांच्या सावल्या दरीतून फिरत होत्या. सावली जिथे जाई तिथली फुलं मिटत, निळ्यातून हिरवा पट्टा सरकत जाई, आणि सावली पुढे गेली की तिच्या मागे परत निळं उमटे. भिंतीवर रोलर फिरतो तसं, फक्त भिंत क्षितिजापर्यंत होती आणि रोलर धरणारं कुणी नव्हतं. एक पट्टा संपायच्या आत दुसरीकडे दुसरा सुरू. मिटणं, उघडणं, मिटणं, उघडणं. हे मी यायच्या आधी चाललं होतं. मी दुकानात बसून निळ्याचे डबे विकत होते त्या सगळ्या उन्हाळ्यांत हे चाललं होतं. कुणी बघायला नाही, कुणाला दाखवायचं नाही. कशासाठी?

तो शब्द मी जन्मभर वापरला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. उगीच. मी रडले, चांगली हुंदके देऊन. दुःख नव्हतं, पण ते आत मावत नव्हतं. आणि रडतानाच मला कळलं की हे ज्या बाईला सांगावंसं वाटतंय ती उद्या जाणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी इथून उतरून जाऊन रिकाम्या पलंगाला सांगणार. पिशवीतली एकही बाटली मी उघडली नाही.

घरी आले तर ताई खिडकीपाशी उभी होती. मी रिकामी वाटी तिच्यासमोर धरली. "नाही जमणार मला," मी म्हणाले. "हे नाही जमणार."

तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि मान हलवली. "म्हणून तर मी कधी बोलले नाही त्याबद्दल." मग भिंतीच्या मधोमध उरलेला बदामी चौकोन दाखवून म्हणाली, "तिथे काही लावू नकोस. ती जागा त्याची."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर आला होता. पण मी म्हणाले, "गोळी घेतलीस का?"

रविवारी भाचा आला. बॅगा उचलायला वर आला आणि दारातच थबकला. भिंतभर पट्टे, काही सरळ, काही तिरपे, वर पेन्सिलीचं लिखाण, मधोमध बिस्किटाचा चौकोन. खिडकीतून उजेड आला होता आणि सकाळचे पट्टे जागे होत होते, पण त्याला ते कसं दिसणार?

"हे काय गं, आई?" तो म्हणाला. "भिंत रंगवायची राहिलीय वाटतं."

"हो," ताई म्हणाली. "राहिलीय."

"मावशी, तू आणि अर्धवट काम?" तो हसला. त्याला माझी रीत ठाऊक होती. माझ्या दुकानात 'राहिलं' या शब्दाएवढी वाईट शिवी नाही. राहिलेल्या कामावरून मी रंगाऱ्यांना रडवलंय. "तासाभराचं तर काम. कपडे खराब झाले तर होऊ देत, मीच लागतो भिंतीला. एक रंग मारून टाकू, आईच्या डोळ्यांदेखत पूर्ण होईल, मग निघू." त्याने खरंच बाह्या सरसावल्या आणि कोपऱ्यातला रोलर उचलला. रोलर बेसच्या डब्यात बुडवला.

 ताई माझ्याकडे बघत होती. वॉकरवरची तिची बोटं पांढरी झाली होती, आणि मला एकदम उमजलं की उन्हाळाभर तीही थांबली होती. तिचा तो 'तर' अजून तिथेच होता, आणि त्याचं उरलेलं वाक्य मी बोलायचं होतं.

रोलर भिंतीकडे गेला.

"राहू दे!" मी ओरडले. अशी ओरडले की समोरून पाववाल्याने खिडकी उघडली.

भाचा दचकला. रोलरमधून पांढरा थेंब जमिनीवर पडला. "काय राहू दे, मावशी? भिंत?"

"भिंतसुद्धा," मी म्हणाले.